दोन ठोक्यांमधली जागा

बाबांनी चाळीस वर्षं हातमाग चालवला. त्या खडखडाटात बोलायचं तर दोन ठोक्यांच्या मधेच, त्यामुळे अख्खं घर तसंच बोलायचं: “जेवलीस”, ठक, “का”, ठक, “गं?” लग्नानंतर नवरा लेकीला चिडवायचा, “तुझं एक वाक्य संपेपर्यंत माझा चहा गार होतो!”

माग मोडीत निघाला आणि बाबा लेकीकडे आले, ते मुके झाल्यासारखे. काही विचारलं की नुसती मान हलवायचे. तिनं जंग जंग पछाडलं, पण छे!

एका सकाळी वॉशिंग मशीन बिघडलं. ठक, ठक करत त्यानं घर डोक्यावर घेतलं. वैतागून मेकॅनिकला फोन करून ती परत आली, तर बाबा मशीनपाशी स्टूल टाकून बसलेले, पायानं ताल धरून.

“तुझी आई”, ठक, “शेजारी बसून कांड्यांवर सूत भरायची. मी मुद्दाम”, ठक, “धागा तोडायचो. सांधायला”, ठक, “ती जवळ यायची.”

धुणं संपलं. तिनं गुपचूप तेच कपडे पुन्हा लावले.

मेकॅनिक आला, तेव्हा तिनं त्याला दारातच अडवलं.

“उद्या या,” ती म्हणाली. एक ठोका जाऊ दिला. “बाबा बोलताहेत.”