बंद समुद्रातले चार शंख

"सुनेनं माफी मागितली तर मी टेबलाला येते. नाहीतर राहिलं!" अंगणात सागो ताडाचं पीठ चाळता चाळता म्हाताऱ्या साराने जाहीर केलं.

"आणि सासूबाईंनी कढईचं कबूल केलं तर मी येते," आतून सून ओरडली.

"आता ही कढई कुठून आली?" ओबेदने विचारलं.

"माझ्या माहेरची! यांनी शेजारी दिली, मासे खारवायला. अजून वास जात नाही तिचा."

ओबेद तुहुमुरीने शेजारी बसलेल्या एल्सिनाकडे पाहिलं. एल्सिना शाळेत शिकवायची, पण हसू दाबायला तिलाही वहीत तोंड घालावं लागलं. दोघंही बेटावरच्या हातुमेसे गावच्या चर्चमध्ये वडील, म्हणजे मंडळीचे पुढारी, म्हणून निवडलेले. प्रभुभोजनाच्या आधीच्या आठवड्यात वडिलांनी जोडीजोडीने घरोघर जायचं आणि एकच विचारायचं: या घरात कुणाच्या मनात कुणाविषयी काही आहे का? असलं तर रविवारच्या आत मिटवा. मनात अढी ठेवून पांढऱ्या चादरीच्या त्या लांब टेबलाला प्रभूची भाकर घ्यायला बसायचं नाही, हा गावचा रिवाज. दर तीन महिन्यांनी गावातल्या सगळ्या कढया अशा उजेडात यायच्या.

"सारा ओमा," ओबेद म्हणाला. आजीला तिथे ओमा म्हणतात. "कढई घासायला माझ्याकडे पाठव. शिंपला चमकवतो, कढई काय मोठी! आणि तू ग पोरी, बाहेर ये. सासूच्या पिठात हात घाल. दोघींनी मिळून आज पापेड्याची चिकट पेज करा, मग मी चाखायला येतो."

सून बाहेर आली. म्हातारीने चाळणीची एक बाजू तिच्याकडे सरकवली. झालं, मिटलं. भांडण मिटवण्यात ओबेदचा हात धरणारा गावात दुसरा नव्हता. एकसष्ट वर्षांचा, रुंद छातीचा, तरुणपणी खाडीतला सर्वांत खोल बुडी मारणारा. आता शंखशिंपल्यांच्या पापड्या कापून लाकडात बसवणारा कारागीर. चर्चला शंभर वर्षं झाली तेव्हा त्याने केलेला क्रूस वेदीमागच्या भिंतीवर लावला होता. सकाळचं ऊन खिडकीतून आलं की तो असा झळाळायचा की पाहुणे बोलता बोलता थांबायचे.

त्या क्रूसात चार शंख चोरीचे होते.

हे फक्त ओबेदला माहीत होतं. निदान त्याची तशी समजूत होती.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. खाडीला सासी लागलेली होती, म्हणजे पाळकबाईंनी प्रार्थना करून खाडी देवाच्या नावाने बंद केली होती. पुन्हा प्रार्थना होऊन ती उघडेपर्यंत लोला शंखाला कुणी हात लावायचा नाही. लहान असतील त्यांनी वाढावं, मोठ्यांची वीण व्हावी. एरवी पोलिसाला न भिणारी माणसं सासीला भितात. आणि नेमक्या त्याच दिवसांत ओबेदचा क्रूस चार पापड्यांनी अपुरा राहिला. उत्सव चार दिवसांवर. दुसरे शिंपले त्या रंगाला जुळेनात. शेवटी त्याने स्वतःची समजूत काढली: खाडी देवाची, शंख देवाचे, क्रूसही देवाचाच. एका खिशातलं दुसऱ्या खिशात. माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याच्याइतका हुशार वकील मिळत नाही.

भर दुपारी गाव झोपलेलं असताना तो गेला. त्याची स्वतःची होडी डांबर लावायला उपडी घातलेली, म्हणून गळाने मासे धरणाऱ्या मेलकीची घेतली. न विचारता. होडीला तिथे कुणी विचारत नाही, शेजारचा झाडू घ्यावा तशी घेतात. चार शंख काढले, होडीतच फोडले, आणि एका शंखाचं गोल झाकण फळीखाली राहून गेलं. दुसऱ्या दिवशी सासीचा राखणदार हिस्किया याने ते शोधून काढलं. होडी मेलकीची, म्हणजे चोर मेलकी. मेलकी पूर्वी ताडाची दारू प्यायचा, तेवढा पुरावा गावाला पुरला. त्याने "मी नाही" म्हटलं, ते आणखीच वाईट दिसलं. चोरी केली ती केली, वर कबूलही करत नाही! जोवर स्वतःच्या तोंडाने सांगत नाही तोवर टेबलाला बसायचं नाही, असं ठरलं. ठरवणाऱ्या वडिलांत ओबेद होता. उत्सव झाला की सांगू, असं त्याने मनाशी म्हटलं. मग नाताळ झाला की. मग पेरणी झाली की.

खाई त्याला खवखवे म्हणतात. इथे खाल्लं एकाने, आणि टेबलावरून उपाशी उठला दुसरा. खवखव मात्र ओबेदला इतकी की तो मेलकीसाठी राबायला लागला. त्याचं छप्पर शाकारून दिलं, मासे पाठवले. गेल्या वर्षी मेलकीची बायको दोर्सी तापाने गेली, तेव्हा तिच्या शवपेटीवर ओबेदने स्वतःच्या हाताने शिंपल्यांची वेल बसवली. गाव म्हणालं, वडील असावा तर असा. करायचं ते एक सोडून त्याने बाकी सगळं केलं.

साराच्या घरून ती दोघं निघाली ती मेलकीच्या दारात आली. मेलकी पायरीवर बसून गळाची दोरी गुंडाळत होता. हडकुळा, पांढरी दाढी, पण डोळे मिस्कील.

"या, वडीलमंडळी! मला विचारून काय करणार? माझं तर टेबलच बंद आहे."

"तरी विचारायचं असतं, बू मेलकी," एल्सिना म्हणाली. आपल्याहून मोठ्या पुरुषाला तिथे 'बू' म्हणतात. "सोमवारी सासी उघडतेय. त्याआधी तुमचं काही..."

"लिही," मेलकी म्हणाला.

"काय लिहू?"

"मीच घेतले म्हणून लिही. ते शंख. रविवारी उभं राहून सांगतो."

एल्सिनाची पेन्सिल तशीच राहिली. "दोन वर्षं नाही नाही म्हणालात, आणि आज?"

"या रविवारी दोर्सीला वर्ष होतं. ती जाताना तिला म्हणालो होतो, पुढच्या खेपेला शेजारी शेजारी बसू. ती काही थांबली नाही. मी तरी बसतो. त्यासाठी खोटं बोलावं लागलं तर बोलतो. देव घेईल सांभाळून."

खरं सांगायचं तर ओबेदला पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं. एक क्षणभरच, पण वाटलं. मिटलं आता! याने कबूल केलं, हा टेबलाला बसला, सगळ्यांचं भलं झालं. आणि लगेच त्याला स्वतःची किळस आली. आजवर त्याने मेलकीची अब्रू घेतली होती. आता तो त्याचा खरेपणाही घ्यायला निघाला होता, आणि तोही दोर्सीच्या नावाने.

"लिहू नकोस," तो म्हणाला. "शंख मी घेतले. क्रूसात आहेत ते. वरून दुसऱ्या ओळीत, डावीकडे. चारही."

एल्सिनाने पेन्सिल वहीत ठेवली.

"बू ओबेद," एल्सिना हळूच म्हणाली, "तुम्ही काय बोलताय, कळतंय का तुम्हाला?"

"दोन वर्षं कळतंय."

तिने आधी रस्त्याकडे पाहिलं, मग वही मिटली. बाई वाईट नव्हती. घर सांभाळणाऱ्या माणसासारखी ती मंडळी सांभाळत होती. "ऐका माझं. हे आपल्या तिघांतच राहू दे. मी पाळकबाईंना सांगते की बू मेलकींवर चुकून आळ आला. त्यांना टेबलाला घेऊ. तुम्ही बाईंपाशी एकांतात प्रार्थना करा. रविवारी शहरातून पाहुणे येतायत तो क्रूस बघायला. सगळ्या गावाची मान खाली घालायची का?"

किती सोपं होतं! ओबेदने मेलकीकडे पाहिलं. मेलकी दोरी गुंडाळतच होता.

"तू सांग," ओबेद म्हणाला. "तुझा हक्क आहे."

"माझा कसला हक्क? तुझं तोंड, तू ठरव."

"तुला राग नाही आला? आत्ता ऐकलंस, तरी?"

"आत्ता नाही, पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे मला!" मेलकी हसला. "होडी परत बांधलीस ना, ती तुझ्या त्या उलट्या गाठीने. अख्ख्या बेटावर तशी गाढव गाठ दुसरा कोण मारतो?"

ओबेद पायरीवर बसला.

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तू पकडला गेला असतास. आपणहून आला नसतास. मला वाटायचं, हा येईल. चार दिवसांत येईल. छप्पर घेऊन आलास. म्हटलं, बरं, पुढच्या वेळी येईल. दोर्सी गेली त्या दिवशी तर दाराकडेच बघत होतो. तू वेल घेऊन आलास." त्याचा आवाज पहिल्यांदा कडवट झाला. "सुरेख होती रे वेल. मला नको होती."

ओबेद रडला. मोठा माणूस रडतो तसा, बेढब, नाक पुसत. मेलकीने त्याला थोपटलं वगैरे काही नाही. पण उठूनही गेला नाही.

"आळ सगळ्यांसमोर आला," ओबेद शेवटी एल्सिनाला म्हणाला. "जाईलही सगळ्यांसमोरच. पाहुणे असले तर असू देत."

रविवारी चर्च गच्च भरलं होतं. काळे कपडे घातलेल्या बाया, इस्त्रीचे सदरे, पुढच्या बाकावर शहरचे पाहुणे. मधोमध लांब टेबल, पांढरी चादर. पाळकबाईंनी मान हलवताच ओबेद उठला. सांगायचं ते त्याने आठवडाभर पाठ केलं होतं, आणि उभं राहताच सगळं विसरला. ते बरंच झालं.

"मेलकी चोर नाही. मी आहे," तो म्हणाला. "सासी असताना खाडीतून चार शंख मी काढले. त्याच्या होडीतून. तुम्ही त्याला उठवलंत तेव्हा मी तिथेच बसलो होतो, वडील म्हणून. दोर्सी त्याच्याशेजारी न बसता गेली, ते माझ्यामुळे. ते मला भरून देता येणार नाही. मेलकीची माफी मागतो, तुमची मागतो, देवाची मागतो. घरोघर जाऊन तुम्हाला विचारत होतो ना, मनात काही आहे का? माझ्या मनात हे होतं."

राखणदार हिस्किया ताडकन उठला. म्हाताऱ्याने पुढचा बाक धरला. "दोन वर्षं मी त्याच्या दारावरून जाताना थुंकलोय, ओबेद! माझ्या थुंकीचं काय करू आता?"

"ती मला लागू दे, बू हिस्किया. माझीच होती."

हिस्किया मेलकीपुढे जाऊन उभा राहिला. मेलकीच म्हणाला, "बस रे म्हाताऱ्या, पडशील." आणि त्या भरल्या चर्चमध्ये कुणीतरी हुंदका दिला, कुणीतरी हसलं.

ओबेदने खिशातली पटाशी काढली, वेदीमागे जाऊन चारही पापड्या एकेक करून उचकटल्या आणि हिस्कियाच्या हातात दिल्या. क्रूसाला चार काळी भोकं पडली. पाहुण्यांतली एक बाई "अरेरे" म्हणाली. पाळकबाई म्हणाल्या, "राहू देत तशीच. बुजवायची नाहीत." मग त्यांनी शिक्षा सांगितली: आजपासून वडीलपद नाही; तीन प्रभुभोजनं टेबलाला बसायचं नाही; शेवटच्या बाकावर, दाराजवळ बसायचं. ओबेदने वडीलपदाचा काळा अंगरखा उतरवला, घडी करून एल्सिनाच्या हाती दिला आणि मधल्या वाटेने दाराकडे चालू लागला.

लग्नाच्या दिवशीसुद्धा तो त्या वाटेने इतका ताठ चालला नव्हता. साठी उलटल्यावर छाती भरून श्वास घेता येतो, हे त्याला नव्याने कळत होतं. लाज होतीच, कानापर्यंत तापली होती. पण लाजेखाली जमीन लागली होती, आणि त्या जमिनीवर त्याला उभं राहता येत होतं.

मेलकीचं नाव पुकारलं गेलं. त्याचा जुना काळा कोट त्याच्या अंगावर ढगळ झाला होता. तो टेबलापाशी बसला. शेजारची एक जागा लोकांनी न सांगता रिकामी सोडली. भाकर फिरत फिरत त्याच्यापर्यंत आली. त्याने तुकडा घेतला, डोळे मिटले, आणि बराच वेळ चावत राहिला. ओबेद दाराजवळून बघत होता. त्या दिवशी त्याच्या वाट्याला भाकर नव्हती, आणि तरी त्याला इतका आनंद झाला होता की गाणं सुरू होताच त्याच्या खर्जाच्या आवाजाने पुढचे दोन बाक मागे वळून बघायला लागले. त्याने आवाज कमी केला नाही.

उपासना संपली. बाहेर पडायचं दार एकच, आणि त्याच्यालगतच ओबेदचा बाक. लोक तिथे पोहोचले की पावलं अडखळायची. कुणी हात पुढे केला. बरेच जण चपला शोधायला लागले. सारा ओमा सुनेचा हात धरून आली, काय करावं न कळून खाली बघत उभी राहिली. मागे रांग तुंबली.

रांगेतून वाट काढत मेलकी आला. सगळ्यांना वाटलं, हा आता बाहेर जाणार. तो बाकापाशी थांबला.

"सरक जरा," तो म्हणाला.

ओबेद सरकला. मेलकी त्याच्याशेजारी बसला, कोट नीट केला आणि रांगेकडे पाहिलं. आज मेलकीचा हात हातात घेतल्याशिवाय कुणालाच घरी जाता येणार नव्हतं. सारा ओमाने तो घेतला, मग ओबेदचा घेतला. तिच्यामागे सुनेने. तिच्यामागे हिस्कियाने. आणि रांग हळूहळू पुढे सरकू लागली.