आठवं कलम

आमच्या गटात अध्यक्ष नाही, सचिव नाही, आणि कोणी व्हायला निघालाच तर त्याला आम्ही आधी भांडी घासायला बसवतो. अराज्यवादी म्हटलं की लोकांना वाटतं, ही माणसं खुर्च्या फेकत असतील. प्रत्यक्षात आम्ही खुर्च्या गोल मांडतो आणि चहा कोणी करायचा यावर पाऊण तास बोलतो. जुनी पत्रकं, सभांची टिपणं, बंद पडलेली मासिकं यांचा आमचा एक संग्रह आहे, एका बंद छापखान्याच्या माडीवर. तो मी सांभाळते. म्हणजे माझ्याकडे तो कोणी सोपवलेला नाही. पण मी जन्मभर पुस्तकबांधणी केली, कागदाला हात कसा लावायचा ते मला कळतं, आणि ज्यांना कळत नाही त्यांना मी बोलते. म्हणून माझ्यामागे मला ‘कुलूप’ म्हणतात. हल्ली तोंडावरही म्हणायला लागलेत.

यंदाच्या पुस्तकमेळ्यात मी जेवायला गेले आणि आमच्या टेबलावर दादाला बसवलं. तिथेच चुकलं.

दादा माझा थोरला भाऊ. सुतार आहे. माणूस लाखात एक, पण हात सैल. कोणी ‘छान आहे हो’ म्हटलं की हातातली वस्तू त्याच्या हातात ठेवून मोकळा होतो. मी परत आले तर टेबलाच्या मधोमध मांडलेलं प्लास्टिकचं पाकीट रिकामं. त्यात आमच्या बाबांनी लिहून छापलेलं पत्रक होतं: सामाईक स्वयंपाकघर कसं चालवावं, सात कलमांत. आम्ही लहान असताना बाबांनी गल्लीत तसं स्वयंपाकघर काढलं होतं, चौदा कुटुंबांचं. त्या पत्रकाची एवढी एकच प्रत उरली होती. शेजारच्या गटाचा स्कॅनर मेळ्यानंतर आठवडाभर आमच्याकडे येणार होता. तोवर लोकांनी निदान बघावं म्हणून मी ते मांडलं होतं. बघावं म्हणून!

“कुठे गेलं?” मी विचारलं.

“दिलं,” दादा म्हणाला. “एक शिंपीण आली होती. त्यांच्या शिवणकारखान्यातल्या बायकांनी मिळून महिन्यापूर्वी स्वयंपाकघर काढलंय. म्हणाली, असंच काहीतरी शोधत होते. म्हटलं, घेऊन जा.”

“दादा, एकच प्रत होती!”

“तिलाही एकच हवी होती.”

मी रिकामं पाकीट त्याच्यासमोर धरलं. तो शांतपणे म्हणाला, “अगं, तळाला बाबांनीच काय छापलंय? वाचून झालं की पुढच्याला द्या. मी पुढच्याला दिलं.”

हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला याचं काय जातंय! पण मेळ्यात आवाज चढवायचा नाही, असा ठराव आहे, आणि तो माझ्याच आवाजामुळे झालेला आहे. मी टेबलामागे जाऊन बसले. मला रडू आलं, ते लपवायचंही सुचलं नाही. घरं बदलता बदलता बाबांचं सगळं गेलं होतं. फोटो गेले, चष्मा गेला, पत्रं गेली. माझ्याकडे त्यांचं म्हणून एवढा एक कागद होता.

दादाने शिंपिणीचा पत्ता मात्र विचारून ठेवला होता. त्याची पंचाईत अशी की माझ्या डोळ्यांत पाणी आलं की तो कशालाही तयार होतो. “चल, जाऊन मागू,” तोच म्हणाला. “दिलेलं परत मागणं बरं नाही, पण तू अशी तोंड पाडून बसणं त्याहून वाईट.”

दोन दिवसांनी दुपारचे गेलो. शिवणकारखान्याच्या मागे कापडाचे तागे ठेवायची जुनी खोली होती, ती त्यांनी झाडूनपुसून घेतली होती. दोन शेगड्या, एक लांब बाकडं, भिंतीला फळी, फळीवर ताटं उभी. प्रत्येक ताटाला मागून नेलपॉलिशने वेगळी खूण केलेली, कोणाला ठिपका, कोणाला रेघ. शिंपीण पन्नाशीची, दणकट बाई, गळ्यात मापाची पट्टी. दादाला बघून ती एकदम खूश झाली.

“या या! बघा, कुठे लावलंय ते.”

शेगड्यांच्या समोरच्या भिंतीवर, सगळ्यांना दिसेल असं, बाबांचं पत्रक. खळीने डकवलेलं.

“अख्ख्या पाठीला खळ लावलीये,” ती कौतुकाने म्हणाली. “आता भिंत पडेल, पण कागद नाही पडायचा.”

मी जवळ जाऊन कडा चाचपल्या; एकही सुटी नव्हती. पण बांधणीवालीला खळीची भीती नसते. कोमट पाण्याने फडकं ओलं करून कागदावर धरायचं, खळ मऊ झाली की कोपऱ्यापासून हळूहळू सोडवायचं. तासाभराचं काम. मी तिला सरळ सांगून टाकलं, “ही एकच प्रत आहे आणि ती आमच्या वडिलांची आहे. चुकून तुमच्याकडे आली. मी तुम्हाला याच्या बदली मोठ्या अक्षरात सुंदर लिहून देते. हा कागद मला सोडवू द्या.”

तिचा चेहरा उतरला. पण क्षणभरच. “वडिलांचं आहे म्हटल्यावर बोलणंच खुंटलं,” ती म्हणाली. “घ्या, ताई. आमचं तसंही पाठ झालंय.”

मी कोमट पाणी मागितलं. ती जराशी घुटमळली. “मागे मोरीत नळ आहे. पण तिकडे जरा पसारा आहे हं.”

मोरीत पसारा नव्हता. एकच पातेलं होतं. पण केवढं! त्यात लहान मूल बसवून अंघोळ घालता आली असती. तळाला खरवड धरलेली, वरून पाणी ओतून ठेवलेलं, त्या पाण्याला वास येऊ लागलेला.

“हे कोणाचं?” मी विचारलं.

“सगळ्यांचं,” शिंपीण म्हणाली, आणि ओशाळून हसली. “तिसरं कलम आहे ना, आपलं ताट आपण धुवावं. सगळ्याजणी धुतात, अगदी लख्ख. पातेलं कोणाचंच नाही. महिनाभर मीच घासतेय. परवा म्हटलं, बघू तरी कोणाला दिसतंय का. कोणालाच दिसलं नाही.”

“मग सांगायचं सगळ्यांना.”

“सांगणार कशी? इथे कोणी मुकादम नाही, हे मीच तर सगळ्यांना ओरडून सांगितलंय.”

मी त्या पातेल्याकडे बघत उभी राहिले आणि मला आई दिसली. दुपारी सगळे जेवून गेले की ती नळाखाली असंच पातेलं आडवं करून आत अर्धी वाकायची, आणि मी शेजारी उकिडवी बसून तिला तांब्याने पाणी ओतून द्यायचे. चार वर्षं. मग मावशीच्या बाळंतपणाला आई गावी गेली. ती परत येईपर्यंत स्वयंपाकघर बंद पडलं होतं. शेवटच्या सभेचं टिपण संग्रहात आहे, मीच ते फायलीला लावलंय: ‘सभासदांची जाणीव कमी पडल्यामुळे स्वयंपाकघर बंद करण्यात येत आहे.’ हे वाक्य मी किती वेळा वाचलं असेल, किती जणांना वाचून दाखवलं असेल, दर वेळी मान डोलावून. जाणीव कसली कमी पडली! आई नव्हती.

मी हाक मारली, “दादा, इकडे ये.”

तो आला. मी पातेलं दाखवलं. “आपल्या स्वयंपाकघरातलं मोठं पातेलं कोण घासायचं, आठवतंय?”

तो विचारात पडला. मनापासून आठवत होता बिचारा. “बाबा सभेत सगळ्यांना समजावून सांगायचे... पाळ्या असतील ना?”

“आई घासायची. रोज.”

“रोज?”

“तुला काय वाटलं, आपोआप निघायचं ते?”

कानामागची पेन्सिल काढून दादाने माझ्या हातात दिली, बाह्या वर केल्या आणि पातेल्यातलं पाणी ओतून दिलं. मी खोलीत परत आले. शिंपिणीने फडकं आणून ठेवलं होतं. ते मी बाजूला केलं.

“सोडवत नाही?” तिने विचारलं.

“नाही. इथेच असू दे. पण यात एक कलम राहिलंय.”

सातव्या कलमाखाली बोटभर जागा होती. बाबांच्या छापील ओळींखाली मी पेन्सिलीने लिहिलं: आठ. मोठं पातेलं पाळीपाळीने घासावं. ज्याची पाळी, त्याचं नाव भिंतीवर.

शिंपिणीने ते सावकाश वाचलं. “बायका विचारतील, हे कोणी घातलं म्हणून. बाकीची सात तुमच्या वडिलांची. आणि हे?”

आमच्या कागदांवर नाव घालायची पद्धत नाही. सगळं सगळ्यांचं, म्हणून बाबांनी स्वतःचंही घातलं नव्हतं. मी कलमापुढे आईचं नाव लिहिलं. नुसतं नाही, पूर्ण, माहेरच्या आडनावासकट.

आतून दादाने घासणी मागितली. खरवड निघत नव्हती.