पासपोर्टाला हळदकुंकू

द्रुतगती मार्गावर गाडी चहासाठी थांबली, तेव्हा माझा आतेभाऊ रणजीत म्हणाला, "तनूताई, कागद बघून घे एकदा. तिथं काचेपुढं शोधत बसशील."

मी हसले. फाइल मी स्वतः लावली होती आणि आठवडाभर रोज उघडून पाहत होते. थेरगावच्या आमच्या शाळेतून शिक्षक देवाणघेवाण कार्यक्रमासाठी माझी निवड झाली होती. ऑगस्ट ते डिसेंबर अमेरिकेतल्या एका गावातल्या शाळेत गणित शिकवायचं, त्यांचं शिकवणं पाहायचं आणि परत यायचं. आता फक्त व्हिसा उरला होता, त्याची मुलाखत आज मुंबईत होती. 

तरी रणजीतच्या समाधानासाठी पासपोर्ट उघडला.

माझ्या फोटोच्या कपाळावर हळदकुंकू होतं. चांगलं ओलं, बोटभर.

रणजीत वाकून पाहत म्हणाला, "अगं ताई, तू कधी वारलीस?"

मागच्या सीटवरून विमलआत्याची चापट त्याच्या डोक्यात बसली. "मेल्या, तोंड हाय का गटार? मी लावलंय ते. सकाळी अप्पाच्या फोटूला गंध लावलं, मग म्हनलं पोरीच्या बी फोटूला लावावं. एवढ्या मोठ्या कामाला निघाली."

"आत्या, पासपोर्टला कुणी लावतं का?"

"का न्हाई? तुझा बाप मशिनला लावायचा का न्हाई?"

लावायचेच. चाकणच्या आमच्या कारखान्याच्या शेडमध्ये अप्पांनी एकही मशिन हळदकुंकवाशिवाय सुरू केलं नाही. पहिला कॉम्प्युटरवाला लेथ आला तेव्हा इंजिनिअर नको नको म्हणत असताना त्यांनी पडद्यालाच बोट टेकवलं. माझ्या लॅपटॉपलाही त्यांनी बोट लावलं होतं; कोपऱ्यात तो पिवळा डाग अजून आहे. माझा अर्ज पाठवायचं बटण मी त्याच लॅपटॉपवर दाबलं, अप्पा शेजारी उभे होते. निवडीचा निरोप आला तोवर ते नव्हते.

ओल्या रुमालानं कुंकू निघालं. हळद निघेना. आत्यानं थुंकी लावून पाहायची तयारी दाखवली, ती मी नाकारली. रणजीतनं मोबाइलवर शोधून मोठ्यानं वाचलं की खराब झालेला पासपोर्ट नाकारला जाऊ शकतो. नवा काढायचा, पुन्हा तारीख घ्यायची, तोवर ऑगस्ट उलटून जाणार.

"जेजुरीवरनं आल्यागत दिसतीस," तो म्हणाला, आणि मला राग येण्याऐवजी हसूच फुटलं.  आत्या मात्र पुढे मुंबईपर्यंत हळदीचं बोट पदराला घासत राहिली, आणि ते मला डागापेक्षा जड गेलं.

फोन रणजीतकडे देऊन मी वकिलातीत शिरले. आत सगळे एकच गोष्ट बोलत होते: अधिकाऱ्यानं पासपोर्ट ठेवून घेतला तर व्हिसा मिळाला, परत दिला तर नाही. माझ्यापुढचा मुलगा खिडकीवरून वळला तेव्हा पासपोर्ट त्याच्या हातात होता. त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही.

माझ्या खिडकीतला अधिकारी माझ्याच वयाचा असावा. त्यानं पासपोर्ट उघडला, जवळ घेतला, अंगठ्याचं नख डागावर घासलं.

"हे काय आहे?"

कार्यक्रम, शाळा, पगार, परतीची तारीख, सगळ्यांची इंग्रजी उत्तरं मी पाठ केली होती. याचं केलं नव्हतं.

"हळद."

"जेवताना सांडली?"

"नाही. लावली आहे. आमच्या घरी नवं मशिन सुरू करण्याआधी त्याला हळद लावतात. माझे वडील लावायचे. ते मार्चमध्ये वारले. म्हणून आज सकाळी आत्यानं लावली. तिला वाटलं, मीही सुरू होते आहे."

हे मी कुणालाच असं सलग सांगितलं नव्हतं. समाचाराला आलेल्यांनाही नाही. परक्या भाषेत ते सरळ बाहेर पडलं आणि माझा आवाज हलला नाही, याचं मलाच नवल वाटलं.

त्यानं मागच्या टेबलावरच्या बाईंना बोलावलं. त्यांच्या कपाळावर टिकली होती. त्यांनी डाग पाहिला, मग मला पाहिलं.

"निघेल का हे?" त्यानं विचारलं.

"हळद? कधीच नाही," त्या म्हणाल्या.

त्यानं पासपोर्ट यंत्रावर ठेवला. यंत्र काही बोललं नाही. त्यानं तो पुसून पुन्हा ठेवला.  या खेपेला बारीकसा आवाज आला.

"वाचलं," तो स्वतःशी म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "डिसेंबरनंतर काय करणार?"

पाठ केलेलं उत्तर शाळेचं होतं. मी म्हणाले, "परत येणार. मार्चमध्ये वडिलांचं वर्षश्राद्ध आहे. मी एकुलती एक मुलगी, ते मलाच करायचं आहे."

तो थोडा वेळ टाइप करत राहिला. मग पासपोर्ट बाजूच्या ट्रेमध्ये ठेवला. त्याच्या बाजूच्या.

"मुलांना गणित नीट शिकवा," तो म्हणाला. "मला कुणी शिकवलं नाही."

बाहेर पडताना मी पळत होते. रस्त्यापलीकडे आत्या पदराची घडी चावत उभी होती. माझे रिकामे हात पाहताच ती मटकन खाली बसली.

"काढून घेतला व्हय! माझ्यामुळं घेतला!"

"आत्या, ठेवून घेतला! ठेवून घेतला म्हणजे मिळाला!"

"आसं कसं? मिळाला मंजे द्याया नगं?"

रणजीतनं भर रस्त्यात शिट्टी मारली. एक पोलीस वळून पाहू लागला. आत्या रडत होती का हसत होती, ते तिलाही कळत नसावं. मी तिला उठवलं. वडापाव खाईपर्यंत तिची खात्री पटली नाही.

आठवड्यानं पासपोर्ट परत आला. व्हिसाच्या पानावर माझा दुसरा फोटो होता, कोरा करकरीत. देवघराजवळ अप्पांच्या फोटोसमोर मी तो उघडून धरला. आत्यानं दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि लांबूनच मान पुढं काढून पाहिलं.

"मी न्हाई हात लावत. तूच दाव तुझ्या बापाला."

मी दाखवला. मग पासपोर्ट कपाटात ठेवला, हळदकुंकवाचा करंडा आणून तिच्यापुढं धरला आणि खाली बसले.

"आता इथं लाव," मी कपाळ पुढं केलं.

तिनं बोट बुडवलं, पण थांबली. "ह्ये धुतलं की निघतं ना?"

"निघतं."

"मग जरा जास्तच लावते," ती म्हणाली.