स्वतःचंच रक्त

उमरठच्या वाडीत उज्वला आशा ताई होती. बायकांच्या बोटाला सुई टोचून रक्त तपासायचं, लोहाच्या गोळ्या द्यायच्या, हे काम ती सात वर्षं करत होती. म्हणून दम लागायला लागला तेव्हा तिने त्याच गोळ्या स्वतःही सुरू केल्या. दीड महिना नेमाने घेतल्या. चढणीवर बसावं लागायचं ते लागतच राहिलं.

मग एका सकाळी लघवी काळ्या चहासारखी झाली. सासू तुळसाने तिच्या डोळ्यांत पाहिलं.

"गो उज्वला, डोळं पिवळं झाल्यात. कावील हाय ही. झाडपाल्याचं औषध घेऊ."

"नाय आत्या. महाडला जाऊ."

महाडच्या दवाखान्यात हिमोग्लोबिन निघालं चार पूर्णांक आठ. उज्वलाने कागद वाचला. इतका कमी आकडा तिने वाडीत कधीच कुणाचा पाहिला नव्हता. तिला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. तिने कागदाची घडी घालून नवऱ्याकडे, बुद्धरत्नकडे दिली.

रक्त चढवायचं ठरलं, पण जुळणारी पिशवीच मिळेना. तिच्याच गटाच्या चार पिशव्या तपासल्या, एकही जुळली नाही. संध्याकाळी तिला रुग्णवाहिकेतून मुंबईला नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून तिच्याजवळ बसल्या. "लोह कमी नाहीये तुमच्यात. रक्तही तयार होतंय. पण रोगांपासून शरीराला जपणारी जी यंत्रणा असते ना, ती तुमच्याच लाल पेशींना परकं समजून मोडतेय. दुसऱ्याचं रक्त दिलं तर तेही मोडेल. तरी त्यातल्या त्यात बरी जुळणारी पिशवी हळूहळू देऊ आणि ही यंत्रणा दाबायची औषधं सुरू करू."

"दाबली म्हणजे?" बुद्धरत्नने विचारलं.

"म्हणजे ती रक्त मोडायची थांबेल. पण बाहेरचा रोग आला तर त्याच्याशीही नीट लढणार नाही. ताप आला तर घरी थांबायचं नाही. कांजिण्या झाल्या होत्या का कधी?"

"नाय," उज्वला म्हणाली.

"मग कांजिण्यांच्या माणसाजवळ जायचंच नाही."

तीन आठवड्यांनी ती घरी आली. नव्या गोळ्यांनी चेहरा सुजून गोल झाला होता. आकडा साडेआठावर आला होता. वाडीतल्या बायका दारातूनच बघून जायच्या. बरी झाली म्हणायच्या. ती हो म्हणायची.

महिनाभराने शाळेत कांजिण्यांची साथ आली. उज्वलाच्या नऊ वर्षांच्या लेकीच्या, दीक्षाच्या, शेजारी बसणारी मुलगीच आजारी पडली. उज्वलाने त्याच दुपारी फोन लावला. शिवथरहून तिची बहीण राजश्री आली. "मला झाल्यात लहानपणी. माझ्याकडं राहू दे पोरगी."

दीक्षा अंगणात पिशवी घेऊन उभी राहिली. उज्वला ओटीवर, तोंडाला फडकं बांधून.

"आई, मी काय केलं?"

"काय नाय केलंस. जा."

गाडी वळणाआड गेली. तुळसा पदराने डोळे पुसत होती. उज्वला आत जाऊन दुपारची गोळी घेऊन झोपली.

दहाव्या दिवशी दीक्षाच्या अंगावर फोड आले. तापात ती फोनवर नुसती "आई, आई" करायची. उज्वला ताप किती, पाणी किती प्याली, एवढंच विचारायची. बहीण एकदा चिडली, "दगड झालीस का तू?" उज्वलाने पुन्हा ताप किती ते विचारलं. स्वतःचा ताप ती दिवसातून चार वेळा मोजत होती. तो आला नाही.

सगळ्या खपल्या पडल्यावरही आठवडा जाऊ दिला, डॉक्टरीणबाईंना फोनवर विचारलं, मगच दीक्षाला बोलावलं. ती पळत आली आणि आईच्या कमरेला बिलगली. कपाळावर दोन खड्डे राहिले होते. उज्वला तिच्या केसांवर हात ठेवून थांबली. आता रडू येईल, असं तिला वाटलं. ते आलं नाही. पोरीच्या डोक्याची ऊब मात्र तळव्याला कळत होती.

"भूक लागलीय," दीक्षा म्हणाली.

"घावन घालते," उज्वला म्हणाली आणि तवा तापत ठेवला.