बाई किती थांबतात?

मित्रांनो, मी एक जुनं वाळूचं घड्याळ आहे. उभं केलं की चालतं, आडवं ठेवलं की थांबतं, उलटं केलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. एवढंच मला येतं. कोणी कितीही घाई केली तरी माझी वाळू आपल्याच चालीने पडते. हा माझा स्वभाव, आणि स्वभावाला औषध नसतं.

काच फुंकणाऱ्या एका कारागिराने मला घडवलं. माझी कंबर त्याने अशी काही बारीक केली, की मला अजून तिचा तोरा आहे. पुढे एका पटावरच्या खेळाबरोबर मी एका घरी आलो. पट फाटला, सोंगट्या हरवल्या, मी तेवढा उरलो. मग घरातल्या आत्याने मला भाचीच्या हवाली केलं.

ही भाची म्हणजे वर्गातली गोगलगाय. नाव मुलींनीच ठेवलेलं. तिला सगळं यायचं, पण उत्तर मनातून ओठांवर येईपर्यंत वेळ लागायचा. विज्ञानाच्या बाईंवर तिचा भारी जीव. आपण एकदा पूर्ण उत्तर द्यावं आणि बाईंनी मान डोलवावी, एवढीच तिची इच्छा. पण ती तोंड उघडते न उघडते तोच बाई हसून म्हणायच्या, "असू दे गं, बस." आणि उत्तर स्वतःच सांगून टाकायच्या.

विज्ञान प्रदर्शन जवळ आलं. गोगलगायीची मैत्रीण होती टकळी, तिची जीभ कधी टाळूला लागायची नाही. तिने विषय काढला: मूल अडखळलं तर बाई किती थांबतात? दोघी परवानगी मागायला गेल्या. "प्रकल्पासाठी तुमचं निरीक्षण करू का?"

"करा की," बाई म्हणाल्या. "पण काय मोजताय ते सांगू नका. कळलं तर मी उगाच शहाण्यासारखी वागेन."

मी शेवटच्या बाकावर कामाला लागलो. बाईंनी उठवलेलं मूल अडलं की टकळी मला उभं करायची, बाई पुढे सरकल्या की आडवं. मग खाली पडलेल्या वाळूची उंची पट्टीने मोजायची. पुढच्या बाकांवरच्या हुशार मुलांपाशी बाई चांगल्या रेंगाळायच्या, माझ्या पोटात छान ढीग जमायचा. मागच्यांच्या वाट्याला चिमूटभर. गोगलगायीच्या पाळीला तर तळाशी वाळू धड दिसलीसुद्धा नाही.

"हे नको मांडूया," गोगलगाय म्हणाली. "बाईंना वाईट वाटेल. त्या माझ्याशी बोलायच्याच नाहीत."

"मग काय, खोटं मांडायचं?" टकळीने विचारलं.

गोगलगायीने मला बाकावरून उचललं. घरी पोचेपर्यंत तिने मला मुठीत धरलं होतं आणि मूठ घामाने ओली झाली होती. मला तिची फार दया आली. पण खोटं मांडणं तिलाही पटेना.

प्रदर्शनात दोघींनी काचेच्या दोन नळ्या मांडल्या, एक पुढच्या बाकांची, एक मागच्या. जितकी पडली त्या मानाने वाळू भरलेली. बाई आल्या, नळ्यांवरच्या चिठ्ठ्या वाचल्या आणि टकळीची बोलती बंद झाली. आयुष्यात पहिल्यांदाच.

"मग निष्कर्ष काय निघाला?" बाईंनी विचारलं.

"बाई, ज्यांना..." गोगलगाय अडखळली.

"ज्यांना येत नाही, त्यांच्यापाशी मी थांबत नाही. हेच ना?" बाईंचा चेहरा उतरला होता.

गोगलगायीने नाही म्हणून मान हलवली. मला उचललं आणि बाईंच्या पुढ्यात उभं केलं. बाईंच्या लक्षात आलं. त्यांनी स्वतःच्या तोंडावर हात ठेवला, स्टूल ओढलं आणि बसल्या.

मित्रांनो, इतकं मन लावून मी कधी काम केलं नव्हतं. मागे रांग लागली, कोणीतरी "पुढे चला" म्हणालं, पण बाई जागच्या हलल्या नाहीत.

वाळू संपत आली तेव्हा गोगलगाय बोलली. "ज्यांना उत्तर उशिरा येतं, त्यांनाच वेळ कमी मिळतो." मग जरा दम घेऊन म्हणाली, "पण बाई, मला लाज वाटू नये म्हणून तुम्ही मला पटकन बसवता. ते मला कळतं. ते मात्र यात मोजता आलं नाही."

वाळू संपली. बाईंचे डोळे भरून आले होते. त्यांनी मला उलटं केलं. "अजून काही सांगायचं असेल तर सांग," त्या म्हणाल्या. "मी बसलेय."

बक्षीस कोणाच्या तरी ज्वालामुखीने पटकावलं. मी मात्र बाईंच्या टेबलावर गेलो. कोणी अडलं की बाई मला उलटं करायच्या. पुढे एकदा त्या मला उलटं करायला विसरल्या, मी तसाच उभा राहिलो आणि बाई तरीही थांबल्या. मला आधी रागच आला. मग समजलं, माझं काम झालं होतं.

आता मी प्रयोगशाळेच्या कपाटात असतो. ओल लागली की वाळूचे गोळे होतात आणि कंबरेत अडकतात, म्हणून मला अधूनमधून उन्हात ठेवा, पुसा. ते राहून गेलं तरी चालेल. पण तुमच्यासमोर कोणी बोलताना अडलं, तर त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. स्टूल ओढा आणि बसा.