शिंगातली भाऊबंदकी

पुंजाजीचा देवमन एम.एस्सी. होऊन नागपूरला कॅन्सरच्या प्रयोगशाळेत लागला, तेव्हा गावाने त्याला परस्पर डॉक्टर करून टाकलं. सुट्टीत आला की लोक जिभा काढून दाखवायचे. आपण रोग बरा करत नाही, रोगट पेशींमधली गुणसूत्रं सूक्ष्मदर्शकाखाली मोजतो, हे त्याने पुष्कळदा सांगून पाहिलं. "मोजून मंग काय करतं?" असं कुणी विचारलं, की तो पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागायचा.

पंचाहत्तर साली गावातल्या सोजरबाईच्या बैलाला शिंगाचा कॅन्सर झाला. शिंग लोंबू लागलं, नाकपुडीतून रक्त येऊ लागलं. देवमनच्या साहेबांना असला नमुना हवाच होता. बातमी कळताच देवमन तीन बाटल्या आणि बर्फाचा थर्मास घेऊन एस्टीने रिसोडला आणि तिथून गावात पोचला.

सोजरबाई म्हणजे सहा एकर शेत एकटीने वाहणारी विधवा. ढोरांचे डॉक्टर उदयसिंग शिंग कापायला तारेची करवत घेऊन तयार होते, बैल सुईने गुंगला होता, पण बाई गोठ्याच्या दारात आडवी उभी.

"पयले सांग, माह्या बैलाचं मांस तू कायले नेऊन राह्यला?"

देवमनने घसा साफ केला. "मावशी, आधी एकच पेशी बिघडते. मंग तिची पिल्लं होतात, पिल्लांची पिल्लं होतात. ती सारी एकसारखीच राह्यतात का येगयेगळी होत जातात, ते आमाले पाहाचं हाय."

"म्हंजे भाऊबंदकी."

"तसंच काहीसं."

"काहीसं काय? माह्या आजेसासऱ्याची एक चूल होती. आता सात हायत, अन् एकीचं दुसरीशी पटत नाही. बरं, तुकडा कुठचा नेतं?"

"मधला. एकच लागते. बाकीच्या बाटल्या फुटल्या-सांडल्या तर म्हनून."

"अरे येड्या! एका घरी विचारून भाऊबंदकी समजते काय? थो आपलीच बाजू सांगन. बुडाचं घे, मधातलं घे, शेंड्याचं घे. नाही त चाल घरी."

"घ्या नं तीन," उदयसिंग घाईघाईने म्हणाले. "बैल उठला त मले घेईन शिंगावर. दुसरं शिंग शाबूत हाय त्याचं."

देवमनने तीन तुकडे घेतले.

नागपुरात तो दोन महिने मोजत बसला. तिन्ही तुकड्यांचा हिशेब निराळा निघाला. मात्र एक वाकडं गुणसूत्र तिन्हींमध्ये होतं. साऱ्या भावकीत नाकाची ठेवण एक असावी, तसं; म्हणजे तिन्हींचा मूळपुरुष एकच. ते तिसऱ्यांदा दिसलं तेव्हा देवमनने स्टूल मागे ढकललं, खिडकीशी जाऊन उभा राहिला, आणि परत येऊन पुन्हा पाहिलं.

साहेबांनी सूक्ष्मदर्शकातून डोळा न काढता विचारलं, "तीन जागचं घ्यायचं कुणी सुचवलं?"

"सोजरबाईंनी."

"कुठे असतात?"

"रिसोडकडे, सर."

साहेब श्रेयाच्या बाबतीत काटेकोर. लेख छापून आला, त्यात तळटीप होती : 'डॉ. सोजरबाई, रिसोड, यांच्याशी व्यक्तिगत चर्चा.' देवमन छपाईआधीच 'डॉ.' खोडायला सांगणार होता. पण साहेब इतके खूश होते, की त्याची जीभ उचलेना. बाकी टीप खरीच होती. चर्चा झालीच होती, आणि व्यक्तिगत तर फारच.

वर्षभराने सोजरबाईला कॅनडाहून पाकीट आलं. देवमन गावी येईपर्यंत तिने ते पिठाच्या डब्यावर ठेवलं.

"काय म्हनते थो?"

"मोठा प्रोफेसर हाय. तुमचं बरोबर हाय म्हनते. तुमी आनखी काय काय लिवलं, ते मागून राह्यला."

सोजरबाईने जन्मात अंगठ्याखेरीज काही लिहिलं नव्हतं. तिने जरा विचार केला. "त्याच्यापाशी बैल हायत?"

"नसतीन, मावशी."

"मंग घरी बसून त्याले काय समजन? लिव, पोळ्याले ये म्हना. साऱ्या गावाचे बैल एका जागी पाह्यले भेटतीन."

देवमनने ते इंग्रजीत लिहिलं. बाईने खाली अंगठा उमटवला आणि पत्र टपालात गेलं.

जुलैत साहेबांनी देवमनला बोलावलं. हातात तार होती, चेहरा गंभीर.

"कॅनडाचे प्रोफेसर येतायत. म्हणतात, पोळ्याला हजर राहणार. ही कुठली परिषद? आपल्याला कसं निमंत्रण नाही?"

देवमनने खालमानेने सांगितलं, "श्रावण अमावास्येला भरते, सर. निमंत्रण लागत नाही."