मागून मारलेली हाक

दोष मुरारीचा होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या घाटावर ते कोणी बोलत नाही. म्हातारा माणूस आहे, मान ठेवावा, झालं ते झालं, म्हणतात. मला मान ठेवायची सवय नाही. मी लोखंड आहे.

मी रुळाचा तुकडा बोलतोय. तुमसरकडच्या मँगनीजच्या लाईनीवर माझी उमेदीची वर्षं गेली. रूळ बदलले तेव्हा मला कापून काढलं आणि वैनगंगेकाठच्या एका शाळेत तारेनं टांगलं. शिपाई हातोडी मारायचा आणि शाळा भरायची, सुटायची. सुटताना माझा आवाज पोरांना गोड लागे, भरताना कडू. आवाज एकच होता.

त्या शाळेत डोमा होता. मासे धरणाऱ्या घरातला. गुरुजी त्याला रोज विचारत, "काय बे, पाटी आणली का जाळं?" वर्ग हसायचा. एक दिवस तो मधल्या सुट्टीत गेला तो आलाच नाही. पुढं शाळेला पितळेची घंटा मिळाली आणि मला मुतारीमागं फेकून दिलं. पावसाळ्यामागून पावसाळे मी तिथं गंजत पडलो. मग डोमा मला मागायला आला. मिसरूड फुटलेलं, डोळ्यांत राग तसाच.

गुरुजी म्हणाले, "ने. दोघंही शाळेच्या कामाचे नाही."

त्यानं मला खांद्यावर घेतलं आणि घाटावरच्या मोहाच्या झाडाला साखळीनं टांगलं.

हा घाट म्हणजे डोंग्यांचा, लाकडी नावांचा. पलीकडं जायला पूल नाही, रस्त्यानं जायचं तर मोठा फेरा. म्हणून माणसं, सायकली, शेळ्या, घासलेटचे ड्रम, सगळं डोंग्यातून जायचं. त्यातच पलीकडच्या आश्रमशाळेत गॅसची शेगडी आली आणि गॅसच्या लाल टाक्याही डोंग्यात चढू लागल्या. टाकी पोत्यासारखी आडवी टाकत. तिच्यावर बसून बिडी ओढत.

आणि हुकूम किती. काठावर बसलेला प्रत्येक म्हातारा मुकादम. एक म्हणे भर, दुसरा म्हणे थांब, तिसरा म्हणे सोड दोर. सगळ्यांच्या वर मुरारी. डोमाचा मोठा बाबा, म्हणजे बापाचा थोरला भाऊ. डोंगे त्याचे, शब्द त्याचा.

डोमा भंडाऱ्याला गॅसच्या गोदामात हमाली करून आला होता. तिथं त्यानं एक गोष्ट डोक्यात पक्की बसवून घेतली होती. गॅस हवेपेक्षा जड असतो. टाकी गळली तर तो वर उडून जात नाही, खाली साचतो. डोंगा तर परातीसारखा. त्याच्या बुडाशी गॅस पाण्यासारखा भरतो आणि ठिणगीची वाट पाहतो.

त्यानं घाटाला शिस्त लावायला घेतली. प्रत्येक डोंग्याच्या अंगावर चुन्याची पांढरी रेघ ओढली. पाणी रेघेला टेकलं की भरणं बंद. टाकी उभी ठेवायची, बांधायची. तिच्या तोंडाला साबणाचा फेस लावून बघायचा. बुडबुडा आला की ती काठावरच राहील. गॅससोबत माणसं न्यायची नाहीत. बिड्या-काड्या काठावरच्या मडक्यात. आणि हुकूम एकाच तोंडचा, माझ्या. एक टोला, भरा. दोन टोले, दोर सोडा. आणि सारखा वाजत राहिलो तर असाल तिथं थांबा आणि मागं फिरा.

मडकं ठेवलं त्या दिवशी त्याची आई रेवताबाई मासळीची टोपली घेऊन एसटीनं आंधळगावच्या बाजाराला निघाली होती. ती म्हणाली, "पोट्ट्या, तुया मोठ्या बाबाची बिडी या मडक्यात पडन, तवा मी पायी आंधळगावले जाईन." ती कधी पायी गेली नाही.

मुरारीनं बाकीचं कुरकुरत सोसलं. पण सारख्या टोल्यावर तो अडला.

"दोर सुटला का चूप," तो म्हणाला. "जाणाऱ्याले मागून हाक मारत नाई. टोकलं का काम नासते. माया बापानं नाई मारली, म्या नाई मारली."

"दोर सुटल्यावरच तं थांबा लागते, मोठे बाबा. काठावर असलेल्याले काय थांबवू?"

"मले शिकवून राहिला? सातवी नापास तू."

"नापास नाई. सोडली."

बाकीचे म्हातारे हसले. मी साखळीला लोंबकळत ऐकत होतो. या लोकांना बुडालेला माणूस चालतो, टोकलेला चालत नाही.

त्या दिवशी पाणी चढलं होतं आणि टाक्यांचा ट्रक उशिरा आला. ड्रायव्हरनं घाईघाईत टाक्या काठावर आपटल्या. डोमा एकेक तपासून डोंग्यात उभी करत होता. शेवटची टाकी राहिली आणि फेस संपला. तो साबणाचं पाणी करायला पायऱ्या उतरून गेला. तेवढ्यात मुरारीनं ती टाकी डोंग्यात आडवी टाकली, स्वतः तिच्याशेजारी बसायला निघाला, आणि जाताना हातोडी उचलून माझ्यावर दोन टोले मारले. खोटे टोले. पण माझ्या पोटातून आवाज खराच निघाला. वल्ह्यावर त्याचाच मुलगा श्यामलाल होता. त्यानं दोर सोडला.

डोमा वाटी घेऊन वर आला. टाकी ठेवली होती त्या जागी कुजल्यासारखा वास होता. त्यानं वाटी फेकली आणि मला बडवायला घेतलं. तसा मी कधीच वाजलो नव्हतो. काठावरच्या शेळ्या पळाल्या.

श्यामलालनं वल्हं उचललं. तो मागं बघणार तेवढ्यात मुरारी बोलला. नदीवरून बोलणं लांबवर ऐकू येतं.

"मागं पाहू नोको. टोकलं लेकाच्यानं. आता मायले कापूर दाखवा लागन."

टोकल्याचा दोष काढायला नदीला कापूर ओवाळायचा, ही इथली रीत. बिड्या फार तर मडक्यात टाकायला लावता येतात. देवाचा कापूर आणि त्याची काडेपेटी कमरेलाच असते, ती कोण मागणार. डोमा हातोडी टाकून पाण्यात धावला. "बाबा, गॅस," श्यामलाल म्हणत होता. मुरारीनं काडी ओढली.

निळी ज्योत डोंग्याच्या बुडातून सरपटत गेली आणि आडव्या टाकीच्या तोंडाशी भडकली. मुरारी कापूर ओवाळायला पुढच्या टोकाला गेला होता, त्यानं पहिली उडी मारली. श्यामलाल मागच्या टोकाला अडकला, पाय घरंगळलेल्या टाकीखाली. त्याच्या आणि पोहत पोचलेल्या डोमाच्या मध्ये आग. डोमानं डोंग्याचा काठ धरला, नेमका ज्योतीपाशी, आणि सोडला नाही. सगळं अंग टाकून त्यानं डोंगा पालथा केला. आग विझली. श्यामलाल पाण्यात पडला, वर आला. लाल टाक्या डोकी वर काढून वाहत गेल्या.

मुरारीच्या भुवया जळाल्या. तेवढंच. संध्याकाळी तो माझ्याच झाडाखाली बसून सांगत होता, "टोकलं ना, म्हून झालं."

श्यामलाल बापासमोर कधी बोलत नसे. त्या दिवशी बोलला. "टोकलं म्हून नाई, बाबा. थांबलो नाई म्हून."

डोमा भंडाऱ्याच्या दवाखान्यातून हात बांधून परतला. घरी न जाता घाटावर आला. एक डोंगा मध्यावर होता. त्यानं हातोडी डाव्या हातात घेतली आणि मला सारखं वाजवलं. नवशिक्यासारखे वेडेवाकडे टोले. डोंगा थांबला, फिरला, काठाला आला. नावाड्यानं विचारलं, "काय झालं गा?"

"काई नाई. थांबता का ते पाहत होतो."

कोणी शिवी दिली नाही. मुरारी उठून घरी गेला.

आता मी रोज वाजतो. हातोडी पडते तिथं चकाकतो, बाकी सगळीकडं गंज आहे. उद्या इथं पूल होईल, मला भंगारवाला नेईल, त्याचं काही वाटत नाही. तुम्हाला एवढंच सांगायचं आहे की चुकीच्या वाटेनं निघालेला दिसला तर त्याला मागून हाक मारा. त्याचं वय बघू नका.

डोमाच्या उजव्या हाताला आता फक्त अंगठा आहे. त्याला जाळं विणता येत नाही. वल्हं धरता येत नाही.